दोरीचे हात

डोंबिवलीच्या खाली, खाडीला टेकून बसलेल्या त्या गावात धाकूला सगळे 'धाकू तांडेल' म्हणत आणि धाकूला ते मनापासून आवडे. वास्तविक तांडेल म्हणजे ज्याच्या हाताखाली चार खलाशी राबतात तो. धाकूच्या हाताखाली एक होडी होती, तीही एवढीशी, की मिठाने भरली की मालकाला आपले पाय कुठे ठेवावेत हा प्रश्न पडे. आणि होता एक धाकटा भाऊ, काळुराम. तो धाकूच्या हाताखाली कमी आणि गावभर जास्त असे. तेव्हा हे तांडेलपद गावाने थट्टेने दिलेलं होतं. पण धाकूने थट्टा बाजूला काढली आणि पद तेवढं ठेवून घेतलं.

माणूस मात्र कामाचा पक्का. बुटका, काळा, डोक्यावर विटलेली तांबडी टोपी. पाण्याचा रंग पाहून खालचा चिखल किती खोल ते सांगे. मिठागरापासून कल्याणाच्या बंदरापर्यंत आणि उलट ठाण्याच्या अंगाला त्याने इतक्या खेपा केल्या होत्या, की खाडीची वळणं त्याला घरच्या वाटेसारखी पाठ. वाईट होती ती एकच गोष्ट. जीभ. गावातल्या प्रत्येकाला, आणि प्रत्येकाच्या होडीला, धाकूने एकेक नाव ठेवलेलं होतं, आणि ती नावं अशी नेमकी बसत की मालकाने रागावून सुद्धा पुसली जात नसत.

आता या गावची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीवरच फिरतं. पाऊस लागायच्या आधी होड्या नि शिडाचे मचवे खाडीतून ओढून बांधावर चढवायचे, माडाच्या झापांनी शाकारायचे आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात लोटायचे. होडी लहान असली तर घरची माणसं ओढतात. मचवा मोठा असला तर आळीची आळी दोरीला लागते. तिथे मजुरी चालत नाही. तू माझ्या दोरीला आलास, म्हणून मी तुझ्या दोरीला येणार, एवढाच व्यवहार. मात्र बोलावणं लागतं. मालकाने स्वतः दारोदार जायचं, उंबऱ्यावर नारळ ठेवायचा आणि तोंडाने म्हणायचं, "दोरीला या." भावाने म्हटलेलं चालत नाही, बायकोने म्हटलेलं चालत नाही. आणि न बोलावता परक्याच्या दोरीला हात लावायचा नाही. लावला तर तारू माणूस मागतं, असं म्हातारे सांगत. तरुण त्यावर हसत, पण हात लावत नसत.

धाकू उभ्या जन्मात कोणाच्या दोरीला गेला नव्हता. "आमच्या होडीला आमचे घरचे हात पुरतात. आमी कोनाकडं जात नाय, कोनाला बोलवत नाय," हे तो अशा थाटात सांगे की जणू चिखलातून होडी नव्हे, आरमार ओढत आहे. इतर लोक घाम गाळत मचवे ओढत, तेव्हा हा बांधावर चिलीम ओढत बसे. एकदा पोपटचा मचवा अर्ध्यावर अडला. पोपट म्हणजे गावातला जुना मचवेवाला, दोरीवर आवाज देण्याचा मान त्याचा. बिचारा आवाज देऊन देऊन घोगरा झाला होता, मचवा काही हलेना. बांधावरून धाकू ओरडला, "पोपटशेट, सासरी जायाला रडतेय ती. नवरा बदलून बगा!" दोरीवरची माणसं हसली, हसली म्हणून हात सुटले, आणि मचवा होता तिथून खाली गेला. पोपटने नुसतं धाकूकडे बघितलं आणि तळहाताला पुन्हा माती चोळली.

काळुरामचा स्वभाव अगदी उलटा. घराला बोलावणं आलं की थोरल्या भावाची नजर चुकवून तो सगळ्यांच्या दोरीला जाई, आणि संध्याकाळी खांद्यावर दोराचा वळ घेऊन आला की बायको तुळसा तेल चोळत विचारी, "कोनाच्या लग्नाला गेलतास?" तो म्हणे, "हलू बोल, दादूस ऐकंल."

तर अशा या धाकूच्या डोक्यात मचवा शिरला. आगगाडी कल्याणाला येऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. देशावरचा माल गाडीने थेट मुंबईला उतरू लागला आणि कल्याणाच्या बंदरातली तारवं नुसती झुलत राहिली. शेटलोक ती विकायला काढू लागले. जुनी तारवं कधी नव्हे ती स्वस्त झाली, आणि ज्यांनी आयुष्यभर होडीवर भागवलं त्यांच्या नजरा वर गेल्या.

कल्याणाला दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी चिखलात दोन मचवे उभे होते, एक मध्यम, एक थोरला. राखणीला धोंडीबा नावाचा देशावरचा म्हातारा होता. मालक कधी यायचा नाही, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाची टर उडवण्यावाचून धोंडीबाला करमणूक नव्हती. धाकू आला तो सकाळच्या भरतीला, आणि ओहोटी पूर्ण होईतो हलला नाही. पाण्यात कुठलंही तारू नटलेलं दिसतं, म्हणून त्याला दोन्ही मचवे चिखलात बसलेले बघायचे होते. त्याने प्रत्येक फळी मुठीने ठोकली. खिळ्यांचा गंज नखाने खरवडला. तळात साचलेल्या पाण्याचा वास घेतला. पोटाखाली शिरून पाठाणीला, म्हणजे तळाच्या त्या लांब मुख्य वाशाला, गाल लावून एका डोळ्याने पाहिलं, वाकलीय का.

"तांडेल, बायको पसंत करायला आलात का मचवा?" धोंडीबा वरून म्हणाला.

"बायको बगायला गेलतो तवा एवडं बगितलं नवतं," पोटाखालून आवाज आला. "म्हनून तर आज बगतोय."

मध्यम मचवा चांगला होता. त्याने तसं कबूलही केलं. पण मिठाने भरला की त्याचा काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर राहणार. ठाणं मागे टाकून घोडबंदरच्या अंगाला गेलं की गायमुखापाशी समुद्राचा वारा समोरून येतो, तिथे लाट काठावरून आत येणार. थोरल्याचा काठ उंच, पोट रुंद, आणि रुंद असूनही तळ चपटा, म्हणजे चिखलात सरळ बसणार. मिठागराच्या तोंडाशी पाणी किती येतं ते धाकूने आधीच वल्ह्याने मोजून ठेवलं होतं. थोरला तिथे शिरत होता. ठाण्याच्या पुलाखालून डोलकाठी पाडून जाता येत होतं. शीड जुनं पण शिवण्यासारखं. दोन खेपांचं मीठ एका भरतीत जाणार. कुठेही खोट निघेना.

सगळं मापून झालं तेव्हा धोंडीबाने विचारलं, "आणि घरात हात किती?"

"सगल्यांना दोन-दोन."

धोंडीबा हसला, पण अर्ध्यावरच थांबला. थोरल्याच्या काठावर हात ठेवून म्हणाला, "याच्या आधीच्या मालकालाही असाच विनोद सुचायचा. माणसं तेवढी नव्हती त्याच्याकडे. एका पावसाळ्यात याला पाण्यातच ठेवला होता."

"मग?"

"मग काय. विकायला आहे ना आता."

पुढे काय झालं ते धाकूने विचारलं नाही आणि धोंडीबाने सांगितलं नाही. मचव्याच्या कुशीत पाण्याच्या रेषेच्या वर एका जागी नव्या फळ्या बसवलेल्या होत्या. धाकूने त्या ठोकून बघितल्या. घट्ट होत्या. त्याला तेवढं पुरलं.

होडी विकली गेली, धाकूची बायको रखमाबाई हिचे कान मोकळे झाले, आणि थोरला मचवा गावच्या खाडीत आला. अख्खं गाव बघायला जमलं.  रखमाबाईने मचव्याला हळदकुंकू लावलं, पुढच्या टोकाच्या नाळेपासून मागच्या सुकाणूपर्यंत चालत गेली, परत आली आणि नवऱ्याजवळ उभी राहून ओठ न हलवता म्हणाली, "अवो, ह्यो पावसाल्यात वर कोन वडनार?"

"आजच कुटं पावसाला हाय?"

"आज नाय. म्हनून आज इचारतेय."

"घरचे हात हायेत."

रखमाबाईने बोटं मोजायला उघडली: धाकू, काळुराम, ती स्वतः, तुळसा, कोपर गावचे दोन जावई. मग तिने बोटं मिटली, मचव्याकडे एकदा बघितलं, आणि घरी जाऊन चूल पेटवली. तिला जे बोलायचं होतं ते तिने बोटांनी बोलून टाकलं होतं.

तो हंगाम मात्र असा गेला की धाकूची टोपी तिरकी झाली. मचवा मिठाने भरून निघाला की धाकू सुकाणूवर उभा राही, आणि वाटेतल्या प्रत्येक होडीवाल्याला काहीतरी सुनावल्याशिवाय पुढे जात नसे. "बाजूला घे रं, पेटी बुडंल तुजी!" काळुराम शिडाखाली बसून मान खाली घाली. एकदा तो म्हणाला, "दादूस, परतीला ह्याच लोकांची तोंडं बगायची हायेत." धाकू म्हणाला, "बगू दे की त्यांना. चांगलं दिसतंय मंग."

चैत्र सरला. मचवा भारी चालला, एवढं खरं. पण ओहोटीला चिखलात बसला की एक आवाज करू लागला होता. मोठा नव्हे. पाणी खालून सरकलं की कुठेतरी आत, त्या नव्या फळ्यांच्या बाजूला, एखाद्या म्हाताऱ्याने उठताना गुडघ्यावर हात ठेवावा तसा कण्हण्याचा आवाज. पहिल्यांदा काळुरामने ऐकला. मग तुळसाने, भात घेऊन आली तेव्हा. धाकू म्हणाला, "लाकूड हाय. लाकूड बोलतंच."

वैशाखी अमावस्येचं उधाण आलं. मचवे वर घ्यायचे ते अशाच उधाणाला, कारण एरवीचं पाणी बांधाच्या उतारापर्यंत चढत नाही. दोन-तीन दिवस गावात दुसरं काम नव्हतं. पोपटचा मचवा गेला, त्याच्या शेजाऱ्याचा गेला, आळीआळीने दोऱ्या फिरल्या, आणि पोपटचा घोगरा आवाज दुपारभर खाडीवर घुमत राहिला. काळुराम सगळ्यांच्या दोरीला होता. यंदा त्याने लपवलंही नाही.

धाकू म्हणाला, "आपली आजून येक खेप हाय मिठाची. पुनवेला घेऊ."

खेप नव्हती. मिठागराचं तोंड केव्हाच बंद झालं होतं, हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. पण अमावस्येला मचवा घ्यायचा तर लोकांच्या दारी जावं लागलं असतं.

अमावस्येनंतर वारा फिरला. पश्चिमेकडून दुपारचा जो वारा येतो त्याला खारट वास असतो, यात ओल्या मातीचा वास येऊ लागला. खाडीचं पाणी गढूळ काळं झालं. निवट्या, चिखलात उड्या मारणारी ती बारकी मासळी, चिखल सोडून बांधाच्या दगडांवर चढून बसू लागल्या, आणि माणूस जवळ गेला तरी उडी मारेनात. सगळी तारवं बांधावर झापांखाली गेली होती. खाडीत एकटा धाकूचा मचवा उरला, आणि एकटा असल्यामुळे होता त्याहून मोठा दिसू लागला. बायका पाणी भरायला जाताना त्याच्याकडे बघत नसत.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी रखमाबाईने सात नारळ काढून ओट्यावर मांडले. "उठा. पयला पोपटकडं."

धाकू उठला. टोपी सरळ केली. नारळ काखेत धरून पोपटच्या दारी गेला. पोपट ओट्यावर जाळं विणत बसला होता. त्याने जाळं बाजूला ठेवलं, पाट सरकवला, पाण्याचा तांब्या आणवला. पाहुण्याला जे करायचं ते सगळं त्याने केलं.

"काय धाकू तांडेल, इकडं कसं?"

"आयलो असाच."

"बरं केलंस."

धाकू पाणी प्यायला. वाऱ्याची गोष्ट काढली. पोपट म्हणाला, हो, वारा वाईट आहे. धाकूने कल्याणाच्या बंदराची गोष्ट काढली. पोपट म्हणाला, हो, बंदर गेलं. मग धाकूने पोपटच्या म्हशीची चौकशी केली, जिला त्यानेच एकदा मामलेदारीण असं नाव दिलं होतं. पोपटने तिचंही सांगितलं. नारळ धाकूच्या मांडीवर होता. पोपटची नजर अधूनमधून त्यावर जाई आणि परत वर येई. त्याला ते दोन शब्द हवे होते, आणि खरं सांगायचं तर तो होकार देण्यासाठीच बसला होता. एरवी एवढा वेळ म्हशीवर कोण बोलतं?

शेवटी पोपटनेच वाट करून दिली. "उद्या पुनव. मचवा कसा घेनार?"

धाकूचं तोंड उघडलं. शब्द ओठांपर्यंत आलेही असतील. पण पोपटच्या बायकोने आतून भांडं आपटलं, की नुसतंच कोणीतरी हसलं, कोण जाणे, आणि धाकूच्या तोंडून जन्मभर जे बाहेर पडायचं तेच पडलं. "घरचे हात हायेत की आमचे."

पोपटने जाळं पुन्हा हातात घेतलं. "मंग झालंच."

धाकू नारळ घेऊन घरी आला. रखमाबाई दारात उभी होती. तिने नारळ बघितला, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि उरलेले सहा नारळ ओट्यावरून उचलून आत नेऊन ठेवले.  काळुराम चुलीपाशी बसून दोराची गाठ तपासत होता. तो म्हणाला, "दादूस, मी जाऊ का दारोदार? माजं आयकतील."

"मालकानं बोलवायचं असतंय."

"मंग मालकानं बोलवावं."

"हात पुरतील," धाकू म्हणाला.

तुळसा म्हणाली, "कोनाचे?" सासरच्या थोरल्या दिराला तिने उलट बोलल्याची गावात ही एकच नोंद आहे.

पौर्णिमेला दुपार कलल्यावर पाणी चढलं. आभाळ खाडीच्या वळणापलीकडे मुंब्र्याच्या डोंगरावर बसलं होतं आणि त्याच्या खालून एक पिवळट उजेड येत होता, ज्यात माणसांचे चेहरे आजारी दिसतात. उतारावर ओंडके आडवे टाकले होते, त्यांना चरबी फासली होती. दोर मचव्याच्या नाळेला बांधून वर चिंचेच्या खोडाला एक वेढा दिला होता. दोरीवर पुढे दोन जावई, मग रखमाबाई, मग तुळसा. धाकू चिंचेपाशी, वेढ्यावर, कारण दोर ताणायचा की सोडायचा हे तिथून ठरतं. काळुराम खाली पाण्यात मचव्याच्या मागे. मागचे मोकळे झालेले ओंडके उचलून पुढे घालायचे आणि कुशीला टेकू लावत जायचे, हे काम त्याचं. सगळ्यात वाईट काम तेच, आणि ते त्यानेच मागून घेतलं होतं.

आणि बांधावर गाव. कोणी बोलावलं नव्हतं, तरी सगळे आले होते. पुरुष उकिडवे बसले होते, हात गुडघ्यांवर.  एरवी अशा वेळी जी टर उडते, ती उडवणारा माणूस आज दोरीपाशी होता, आणि बाकीच्यांना इच्छा नव्हती. पोपट एकटा उभा होता.

पाणी पूर्ण चढलं तेव्हा मचवा हलका झाला आणि पहिल्या ओंडक्यांवर नाळ चढली. "हां!" धाकू ओरडला. सगळ्यांनी ओढलं. चढला. पुन्हा ओढलं, पुन्हा हातभर वर आला. धाकूने बांधाकडे एक नजर टाकली, आणि त्या नजरेत जे होतं ते बघून दोन-तीन जणांनी खाली मान घातली. मचवा अर्धा वर आला. मग पाणी थांबलं, आणि थांबलेलं पाणी फिरलं.

ओहोटी लागली की मचव्याचं वजन पुन्हा मचव्याकडे येतं. दोर ताठ झाला. जावयांच्या टाचा चिखलात रुतल्या. चिंचेच्या खोडातून साल सोलून निघू लागली. आणि मचव्याच्या आतून तो आवाज आला, पण या वेळी थांबला नाही, वाढत गेला.

"दादूस!" खालून काळुराम ओरडला. तो कुशीखाली टेकू रेटत होता आणि टेकू बसत नव्हता. "दादूस, बोलव रं त्यांना!"

बांधावरची माणसं उठली. कोणी सांगितलं नव्हतं, तरी एकदम उठली. पोपटने एक पाऊल पुढे टाकलं आणि तिथेच थांबला. त्याने धाकूकडे बघितलं. सगळ्यांनी धाकूकडे बघितलं. एका शब्दाचं काम होतं. 'या' एवढंच.

रखमाबाई दोरीवरून मान वळवून किंचाळली, "बोला की वो!"

धाकूच्या हातात दोराचा वेढा सरकत होता आणि तळहात जळत होते. त्याने छाती भरून श्वास घेतला. आणि ओरडला, "धरा! घरच्यांनो, धरा!"

घरच्यांनी धरला. धाकट्या जावयाचा पाय निसटला, तो रखमाबाईवर आला, आणि दोर एकदम ढिला झाला. मचवा मागे गेला नाही. बाजूला कलला. त्या नव्या फळ्यांच्या बाजूला, जिथे काळुराम होता.

मग कोणी कोणाच्या बोलावण्याची वाट बघितली नाही. पोपट सर्वांत पुढे उतारावरून घसरत गेला, आणि त्याच्या मागे अख्खं गाव. कोणी कुशीखाली खांदे लावले, कोणी दोर धरला, बायका चिखलात मांडीपर्यंत उतरल्या. पोपटने त्याच घोगऱ्या आवाजात आवाज दिला आणि मचवा उचलला गेला. उचलला गेला, वर सरकला, आणखी वर सरकला. कारण काळुरामला मोकळं करायला तो वरच न्यावा लागत होता. इतके हात होते की मचवा हलका वाटत होता. ओंडक्यांवरून तो सरळ बांधावर गेला आणि चपट्या तळावर जसा बसायला हवा तसा बसला, नाळ गावाकडे करून.

काळुरामला चिंचेखाली आणून निजवलं. तुळसाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो जिवंत होता, बोलत होता, पण कंबरेखाली त्याला काही कळत नव्हतं. त्याने विचारलं, "वर आला का?" तुळसाने हो म्हटलं. दिवेलागणीच्या आत तो गेला.

धाकू चिंचेपाशीच उभा होता. हातात अजून दोराचं टोक होतं, आणि तळहातांची कातडी निघाली होती. आजूबाजूला सगळं गाव उभं होतं, प्रत्येकाच्या अंगाला त्याच्या मचव्याचा चिखल. धाकूने त्यांच्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात, घसा खाकरून, प्रत्येकाच्या दारी जाऊन म्हणावं तसं म्हणाला, "दोरीला या."

 पोपटने त्याच्या हातातून दोर काढून घेतला, गुंडाळला आणि चिंचेच्या फांदीवर टाकला.

पाऊस आला आणि त्याचा जोर ओसरला. नारळी पौर्णिमा जवळ आली तशी बांधावरची झापं उतरू लागली. धाकूच्या मचव्यावर झापं घातलीच नव्हती. पावसाने फळ्या फुगल्या होत्या, जागोजाग गवत उगवलं होतं. एका सकाळी पोपट धाकूच्या ओट्यावर येऊन बसला. "मचवा लोटायचा तर सांग. नारल नको. मी बोलवतो."

 आतून तुळसा म्हणाली, "लोटायचा नाय."

त्यावर कोणी वाद घातला नाही.

धाकू त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. दुसऱ्यांच्या मचव्यांवर खलाशी म्हणून गेला. तांडेल असं त्याला पुन्हा कोणी म्हटलं नाही, आणि नवीन नावही कोणी ठेवलं नाही. नावं ठेवणारा तोच होता. दर वैशाखात आणि दर श्रावणात तो गावातल्या प्रत्येक दोरीला जाई. बोलावणं आलं की उठे, तोंडातून अवाक्षर न काढता खाली उतरे आणि मचव्याच्या मागे, पाण्यात, ओंडके उचलायच्या जागी उभा राही. तरुण म्हणत, "बाबा, तिथं आमी जातो." तो ऐकलं नाही असं दाखवी. मग पोपट वरून म्हणे, "असू दे त्याला," आणि आवाज देई.

थोरला मचवा बांधावरच राहिला. कोणाला दाराला फळी लागली, कोणाला ओढ्यावर साकव टाकायचा झाला, तर धाकू म्हणे, न्या. हळूहळू लोकांनी तो असा नेला की कुशी गेल्या, काठ गेला, डोलकाठीचा पलीकडच्या गावात देवळाला खांब झाला. शेवटी पाठाण उरली, लांब, काळी, जमिनीत अर्धी गेलेली. एकाने विचारलं, "धाकूबाबा, ही का ठेवली?"

"ती हलवायला हात लय लागतात," धाकू म्हणाला, आणि दोरीला जायची वेळ झाली होती म्हणून उठला.